शब्बाथ पाळायचाय? शनिवारच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करा

आमच्या घरी रविवार हा आईच्या कामाचा सगळ्यात मोठा दिवस असायचा. पहाटे उठून पाणी तापवायचं, आम्हा भावंडांचे कपडे, बाबांचा सदरा, मग मटणाचं वाटण. साडेनऊला उपासना. उपासनेनंतर कधी पाळकसाहेब, कधी नगरकडचे पाहुणे जेवायला. जेवणं झाली की आम्ही सतरंजीवर आडवे व्हायचो आणि मोरीतून भांड्यांचा आवाज येत राहायचा. संध्याकाळी प्रार्थनासभेला आलेल्या वीस माणसांचा चहा. ‘शब्बाथ दिवस पवित्र पाळ’ ही बायबलमधली आज्ञा, म्हणजे आठवड्यातला एक दिवस देवासाठी आणि विसाव्यासाठी राखण्याची आज्ञा, मला सहाव्या वर्षी तोंडपाठ होती. ती आईसाठीही आहे, हे लक्षात यायला त्यानंतर तीस वर्षं लागली.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने आलेल्यांबरोबर मी गेली काही वर्षं बसते. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. रविवारी दुकान उघडायचं का? कपडे धुतले तर चालतं का? मॅच बघितली तर? प्रश्न मनापासून विचारलेले असतात, म्हणून मी ते टाळत नाही. पण सुरुवात तिथून करू नका, असं सांगते. आधी घरात कोणाला सुट्टी मिळत नाही ते बघा, बाकीचं त्याच्यामागून येतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: आज्ञा पूर्ण वाचा, आणि दोन्ही ठिकाणी वाचा

बहुतेकांना आज्ञेची पहिली ओळ माहीत असते. पुढचं वाचलं जात नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात ‘तू’ म्हटल्यावर एक यादी येते: तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका माणूस. या यादीत पत्नी वेगळी नाही. आमच्या कितीतरी घरांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला. मला वाटतं, ती ‘तू’ या शब्दातच आहे. जिच्या दासीलाही विसावा द्यायचा, ती स्वतः चुलीपाशी राबत राहील असं ती आज्ञा म्हणूच शकत नाही.

आता बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा 5 वा अध्याय उघडा. आज्ञा तीच, कारण वेगळं. निर्गमात कारण सृष्टीचं आहे: देवाने सहा दिवसांत सर्व घडवलं आणि सातव्या दिवशी तो थांबला. ‘शब्बाथ’ या शब्दाच्या मूळ हिब्रू धातूचा अर्थच थांबणं असा आहे. अनुवादात मात्र इस्राएल लोकांचा पुढारी मोशे म्हणतो, तू मिसर (इजिप्त) देशात दास होतास याची आठवण ठेव. तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळू दे. ‘तुझ्यासारखा’ हा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा.

हिब्रू शिकलेल्या एका पाळकांनी मला दाखवलेली एक गोष्ट अजून मनातून जात नाही. निर्गम 31:17 मध्ये देव सातव्या दिवशी थांबला आणि ताजातवाना झाला असं म्हणताना जे क्रियापद वापरलंय, ते श्वास या अर्थाच्या शब्दाशी जोडलेलं आहे; जणू दम घेतला. तेच क्रियापद निर्गम 23:12 मध्ये दासीच्या मुलासाठी आलंय. देवासाठी आणि दासीच्या पोरासाठी विसाव्याचा शब्द एकच.

दुसरी पायरी: दिवस ठरवा आणि वाद घालत बसू नका

यहुदी लोक शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तानंतरपर्यंत शब्बाथ पाळतात. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्तीही शनिवारच पाळतात; पुण्यात औंधला त्यांचं विद्यापीठ आहे. बाकी बहुतेक मंडळ्या रविवारी जमतात, कारण प्रभू येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला. प्रेषितांच्या काळातच विश्वासी त्या दिवशी भाकर मोडायला जमू लागले होते, हे प्रेषितांची कृत्ये 20 मध्ये दिसतं. रविवारला ‘प्रभूचा दिवस’ म्हणतात ते यामुळे. काही परंपरा रविवारलाच ख्रिस्ती शब्बाथ मानतात. काही म्हणतात की शब्बाथ ख्रिस्तात पूर्ण झाला आणि रविवार हा वेगळाच, पुनरुत्थानाचा दिवस आहे. प्रामाणिक माणसं दोन्ही बाजूंना आहेत.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आपली मंडळी ज्या दिवशी जमते तो दिवस धरावा. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 14 व्या अध्यायात लिहितो की कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. शेजाऱ्याला त्याच्या दिवसावरून बोलू नका. बस, एवढंच.

तिसरी पायरी: शनिवारचं स्वयंपाकघर

खरं काम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

सीनाय पर्वतावर आज्ञा मिळाली ती निर्गमाच्या विसाव्या अध्यायात. त्याच्या आधीच, सोळाव्या अध्यायात, देवाने मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांना शब्बाथ शिकवला आणि तो जेवणातून शिकवला. रानात रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, पडायचा. ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा. उद्यासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडायचे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा आणि तो सातव्या दिवसापर्यंत राहिला तरी नासायचा नाही. म्हणजे शब्बाथाचं जेवण हे आदल्या दिवसाचं, आपल्या भाषेत शिळंच होतं आणि ते देवाने जपलं होतं.

हे सांगायचं कारण, आपल्याकडे रविवारचा विसावा अडतो तो ‘ताजं गरम’ या हट्टापाशी. घरातल्या पुरुषांनी हा हट्ट आठवड्यातून एक दिवस सोडला की अर्धी लढाई संपते. शनिवारी दुपारनंतर सगळे मिळून, म्हणजे खरोखर सगळे मिळून, पुढच्या दिवसाची सोय लावा. मटणाचा रस्सा शनिवारी दुपारनंतर केला तर रविवारी मुरून जास्त चांगला लागतो, हे कुठल्याही सुगरणीला विचारा. गार झाला की फ्रिजमध्ये ठेवा, रविवारी दुपारी नीट उकळी आणा. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, पण दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या टिकतात. आपल्या आज्या प्रवासाला त्याच बांधून द्यायच्या. शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा. भात ऐन वेळी कुकरला लावायला कोणालाही जमतं, बारा वर्षांच्या मुलालासुद्धा.

कपड्यांची इस्त्री, मुलांचा गृहपाठ, दुचाकीत पेट्रोल, गॅसचा नंबर, सोमवारच्या डब्याची भाजी हे सगळं शनिवारीच उरका. भांडी कमी पडतील अशा बेताने जेवण ठेवा. जेवल्यावर ज्याने त्याने आपलं ताट घासायचं. आमच्या घरी हा नियम लागू केला तेव्हा पहिले तीन रविवार कुरबुर झाली. चौथ्या रविवारी माझा मुलगा न सांगता उठला आणि आजीचंही ताट घेऊन गेला.

पाहुण्यांचं काय, हा प्रश्न येणारच. पाहुणचार सोडू नका, तो आपल्या लोकांचा गुण आहे. फक्त पाहुण्यांना आधीच सांगा की आज साधं जेवण आहे, आपण सगळे बसून खाणार आहोत. कोणी नाराज होत नाही. उलट पुढच्या खेपेला त्यांच्याही घरी तसंच होतं.

चौथी पायरी: दिवस संध्याकाळपासून धरा

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवस ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ असा मोजलाय. संध्याकाळ आधी. त्या हिशोबाने दिवस सुरू होतो तो आपण झोपायला जातो तेव्हा. आपण काहीही करायच्या आधी देवाचं काम चालू असतं. आणखी एक गोष्ट: माणूस सहाव्या दिवशी घडवला गेला, म्हणजे त्याने पाहिलेला पहिला पूर्ण दिवस विसाव्याचा होता. त्याने अजून एक ढेकूळही फोडलं नव्हतं. विसावा त्याला कमवावा लागला नाही.

म्हणून शनिवारी दिवेलागणीला सुरुवात करा. सगळ्यांनी एकत्र बसावं. स्तोत्र 92 वाचा. त्याच्या शीर्षकातच ते शब्बाथ दिवसाचं गीत आहे असं लिहिलंय. एक भजन म्हणा, पेटी-तबला असेल तर उत्तम, नसेल तर टाळ्या पुरतात. छोटी प्रार्थना. राहिलेली कामं मोठ्याने बोलून देवाच्या हाती द्या: अमुक बिल भरायचं राहिलं, तमुक माणसाशी बोलायचं राहिलं. मग ऑफिसच्या कामाचा फोन आणि लॅपटॉप कपाटात ठेवा. घरी आजारी माणूस असेल किंवा आईवडील गावी असतील तर एक साधा फोन चालू राहू द्या. आणि लवकर झोपा.

पाचवी पायरी: रविवारची सकाळ आणि दुपार

सकाळ उपासनेची. वेळेआधी दहा मिनिटं पोहोचा, धापा टाकत नको. वचन ऐका, प्रभुभोजन असेल तर आपल्या मंडळीच्या पद्धतीप्रमाणे भाग घ्या. बाप्तिस्मा झाला नसेल तर आधी पाळकांना विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॅथलिक मंडळीत रविवारची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, हे कर्तव्य मानलं जातं आणि शनिवारी संध्याकाळची मिस्साही त्यात धरली जाते, हे अनेकांना ठाऊक नसतं. उपासना संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नका. बाहेर उभं राहून दोन माणसांची विचारपूस करणं हाही त्या दिवसाचा भाग आहे.

दुपारी झोपा. मी हे मुद्दाम लिहिते, कारण नवीन विश्वासी लोकांना वाटतं की रविवारचा प्रत्येक तास कार्यक्रमाने भरला पाहिजे: सकाळी उपासना, दुपारी संगती, संध्याकाळी सभा, रात्री तालीम. मंडळीच्या सेवेनेच माणूस पिचून निघालेला मी पाहिलाय. एक तरुण पेटीवादक वर्षभर प्रत्येक सभेला वाजवत होता, आणि एक दिवस म्हणाला, ‘ताई, मला देवाचा कंटाळा आलाय.’ त्याला कंटाळा देवाचा आला नव्हता. त्याला दुपार मिळाली नव्हती. तुमच्याकडून सेवा मागितली जाईल. महिन्यातून एक रविवार मोकळा मागून घ्या, आणि तो मागताना अपराधी वाटून घेऊ नका.

झोप झाली की चाला, मुलांबरोबर पत्ते किंवा लुडो खेळा, एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसा. मॅच बघायची का, हा प्रश्न इथे येतो. माझं मत असं: मॅच बघून उठल्यावर घरातल्या माणसांशी तुम्ही जास्त मायेने बोलता का, ते बघा. उत्तर तुमचं तुम्हाला मिळेल.

अडलेल्याला मदत करायची का, याला मात्र ‘बघा’ असं उत्तर नाही. करायचीच. येशूने शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला. अठरा वर्षं वाकून चालणारी बाई सरळ केली आणि चिडलेल्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याला विचारलं, तुम्ही शब्बाथ दिवशी आपला बैल गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही का? मग ही तर अब्राहामाची लेक आहे. रक्त द्यायला बोलावलं तर जा. म्हैस वेळेवर पिळायलाच हवी, आणि ती पिळताना मनात खंत नको.

सहावी पायरी: ज्यांना रविवार मिळतच नाही

नर्स, पोलीस, रिक्षावाले, हॉटेलात काम करणारे, कंपनीत फिरत्या पाळीवर असणारे. हे लोक माझ्याकडे येतात ते मान खाली घालून. त्यांना मी इतिहास सांगते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या सुट्टीचा कायदा केला तो इ.स. 321 मध्ये, आणि त्यातही शेतीच्या कामाला मुभा होती. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांसाठी रविवार हा कामाचा दिवस होता. त्यांच्यात अनेक जण दास होते. इ.स. 112 च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राटाला कळवलं की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. पहाटे गीत, मग मालकाच्या कामावर.

तेव्हा तुमची सुट्टी मंगळवारी असेल तर मंगळवार विसाव्यासाठी राखा, अर्धवट नको, आदल्या संध्याकाळपासून पूर्ण. रविवारी पाळीच्या आधी किंवा नंतर जी उपासना जमेल तिला या. तेही जमलं नाही तर पाळकांना सांगा, घरी येऊन प्रार्थना करणं हे त्यांचं काम आहे. आखाती देशांत गेलेल्या आपल्या माणसांना हे नवीन नाही. तिथल्या बहुतेक देशांत सुट्टी शुक्रवारी असल्यामुळे अनेक मंडळ्या शुक्रवारीच जमत आल्या आहेत. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा उपदेशात डोळा लागला तर शेजारच्याने त्याला कोपर मारू नये. त्रोवस नावाच्या शहरात पौलाचं भाषण लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण झोप अनावर होऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं. रागावल्याचा उल्लेख नाही.

सातवी पायरी: तुमच्या विसाव्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर आहे?

आपण स्वयंपाक केला नाही, पण मोबाईलवरून जेवण मागवलं, तर भर उन्हात जिने चढणारा मुलगा कोणाचा तरी लेक आहे. कधी तरी मागवावं लागतं, मी नाही म्हणत नाही. पण दर रविवारची ती सवय असेल तर आज्ञेतली ‘तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका’ ही ओळ पुन्हा वाचा. घरकामाला येणाऱ्या मावशींना रविवारी सुट्टी द्या, पगार न कापता. दुकान असेल तर नोकराला द्या. हा सगळ्यात महाग पडणारा भाग आहे आणि म्हणूनच तो टाळला जातो.

या बाबतीत आपल्याच मातीतली दोन उदाहरणं मला फार जवळची आहेत. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले यहुदी लोक, तेल गाळायचा धंदा करत. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. घाणा बंद म्हणजे बैलही मोकळा. कोणी प्रवचन दिलं नाही, पण शेजाऱ्यांना त्यांचा देव कळला तो थांबलेल्या घाण्यावरून.

दुसरं, मुंबईच्या गिरण्यांचं. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारच्या राज्यात गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेऊन रविवारच्या सुट्टीची मागणी मांडली. गिरणीमालकांनी ती मान्य केली 10 जून 1890 रोजी. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. पण दासालाही ‘तुझ्यासारखा’ विसावा मिळावा ही आज्ञा त्या काळच्या मुंबईत कोणी खरी करून दाखवली, असं मला विचाराल तर मी त्यांचं नाव घेईन. आपण ज्या रविवारी उपासनेला जातो तो मोकळा मिळावा म्हणून कामगार सहा वर्षं झगडले आहेत.

आठवी पायरी: मनातला फारो

पहिल्या काही रविवारी तुम्हाला बरं वाटणार नाही. बसल्या जागी हात शिवशिवतील. मनात कोणीतरी म्हणेल, आळशी झालास. हा आवाज ओळखून ठेवा. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात लोकांनी देवाची उपासना करायला जाऊ दे म्हटलं, तेव्हा मिसरचा राजा फारो हेच म्हणाला: तुम्ही आळशी आहात. आणि त्याने विटांसाठी लागणारा पेंढा देणं बंद केलं, विटांचा आकडा तेवढाच ठेवला.

दुसरी भीती पैशाची. हातगाडी लावणाऱ्याचा रविवार म्हणजे सगळ्यात जास्त विक्रीचा दिवस, आणि त्याला ‘विश्वास ठेव’ एवढं सांगून मोकळं होणं मला जमत नाही. त्याने महिन्यातून एका रविवारपासून सुरू करावं, आणि मंडळीने त्या दिवसाची तूट भरून काढायला हात लावावा. मान्ना दुप्पट मिळाला तो आधी, सहाव्या दिवशी. उपाशी ठेवून देवाने कोणाला शब्बाथ शिकवला नाही.

तिसरी अडचण जास्त खोल आहे. व्रतवैकल्यं पाळणाऱ्या घरातून आलेल्या अनेकांना शब्बाथ हे नवं व्रत वाटतं. मोडलं तर काहीतरी वाईट होईल, अशी धास्ती. त्यांनी मत्तय 11:28 काढावं: ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ हे वाचून पान उलटू नका. बारावा अध्याय लगेच शब्बाथ दिवशी शेतातून जाणाऱ्या शिष्यांनी सुरू होतो. त्यांनी कणसं मोडून खाल्ली म्हणून परूशी, म्हणजे धर्मनियम कडक पाळणारे यहुदी, चिडले, आणि येशू त्यांच्या बाजूने उभा राहिला. मार्कच्या शुभवर्तमानात याच प्रसंगी तो म्हणतो, ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही.’ ज्याने विसावा देतो म्हटलं, तोच शब्बाथाचा धनी आहे. एखादा रविवार हुकला तर त्याचं तुमच्यावरचं प्रेम हुकत नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा सुरू करा.

नववी पायरी: सोमवार सकाळ

चहा घेताना घरात विचारा: काल कोणाला टेकायला मिळालं नाही? खरं उत्तर येऊ द्या, मध्ये बोलू नका. आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं तेव्हा आई काहीच बोलली नाही, कारण असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या सोमवारी ती म्हणाली, ‘संध्याकाळच्या सभेचा चहा.’ आता तो चहा मंडळीतले पुरुष आळीपाळीने करतात आणि ती पुढच्या रांगेत बसून भजन म्हणते. तुमच्या घरी ज्याचं नाव निघेल, पुढच्या शनिवारची तयारी त्याच्या कामापासून सुरू करा.